बिनतारी सांगावा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

आपल्याकडे खेड्यांच्या दळणवळणाचा इतिहास लिहिणारे बहुधा टपालापासून सुरुवात करतात. मग तार येते, आगगाडी येते, टेलिफोन येतो. या यादीत एक नाव मात्र कधी येत नाही. टपाल येण्यापूर्वी, आणि आल्यानंतरही कितीतरी वर्षे, एका गावचा सांगावा दुसऱ्या गावी जात होता तो महाराच्या पायांनी. सरकारी कागद पोचवणे, वसुलीच्या ऐवजाबरोबर तालुक्याला जाणे, वाटसरूला पुढच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, गावात मयत झाली की सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी खबर घेऊन धावणे, ही सारी वतनाची कामे होती. रात्र असो की आभाळ फाटलेले असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. तरी हे वतन कायद्याने संपावयास १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणजे या मुलखातील पहिले दूरसंचार खाते आमच्या आज्यापणज्यांच्या पायांवर चालत होते. यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही, कारण हा वेठीचा इतिहास आहे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. सांगावा माणसाच्या पायांवरून तारेवर गेला आणि तारेवरून हवेत गेला, तेव्हा ज्यांनी तो शतकानुशतके वाहिला त्यांच्या दारापर्यंत तो आला काय? लांब पल्ल्याच्या बिनतारी इंटरनेटचा, म्हणजे एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे लहरी फेकून खेडी जोडण्याच्या उद्योगाचा गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांचा इतिहास मी या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहे. अशा मनोऱ्यांच्या उभारणीच्या कामावर मी काही वर्षे काढली आहेत. त्यामुळे या इतिहासाच्या यांत्रिक बाजूकडेही मला दुर्लक्ष करता येत नाही.

प्रथम मालकीचा प्रश्न घेऊ. हवा कोणाच्याच बापाची नाही असे आपण म्हणतो, पण बिनतारी लहरींच्या बाबतीत ते खरे नव्हते. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे घेतला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. राज्यकर्त्यांना लोकांच्या परस्पर बोलण्याचे भय वाटत होते, ते या कायद्यांत उतरले आणि स्वातंत्र्यानंतरही तसेच राहिले. त्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा व्हावयास २०२३ साल यावे लागले.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असा निर्णय दिला. पुढे जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत घराबाहेरच्या वापरासाठी परवान्यावाचून खुला केला. वायफायची स्वस्त यंत्रे याच पट्ट्यात चालतात. ही बंदी उठताच दुसऱ्याच महिन्यात धरमशाळेच्या डोंगरात तिबेटी निर्वासितांच्या वस्तीत घरांच्या छपरांवर अँटेना चढले आणि एक जाळे उभे राहिले. निर्वासितांनी ते उभारले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याला वाट बंद असते तो वाट उघडण्याची वाट पाहत बसलेला असतो.

पण कागदावर खुले होणे आणि हाताशी येणे यांतले अंतर आम्हांला चांगले ठाऊक आहे. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे लागले, आणि गेल्यावर डोकी फुटली. सार्वजनिक हा शब्द आमच्या बाबतीत नेहमीच पुराव्याची अपेक्षा करीत आला आहे. लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरल्या, तर त्यांचा पाणवठा कोणाच्या अंगणात आहे हे विचारावेच लागते.

आता अंतराचा प्रश्न. खेड्यापर्यंत तार ओढणे महाग होते. दूरच्या दहा-वीस ग्राहकांसाठी मैलोन्‌मैल तांब्याची तार टाकायची आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून राखायची, हे कोणालाच परवडत नव्हते. म्हणून हवेचा मार्ग निघाला. मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कॉर्डेक्ट नावाची पद्धत विकसित केली. एका मनोऱ्यापासून दहा किलोमीटरपर्यंत, आणि मध्ये पुनःप्रक्षेपण केंद्र ठेवल्यास पंचवीस किलोमीटरपर्यंत, एकाच वेळी टेलिफोन व इंटरनेट देण्याची तिची क्षमता होती. वेग ३५ किंवा ७० किलोबिट, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडीचा. पण त्या काळी तोही नव्हता. त्यानंतर कानपूरच्या आयआयटीने गंगेच्या सपाट मैदानात वायफायची साधी, बाजारात मिळणारी यंत्रे घेऊन मोठाल्या अँटेनांच्या साहाय्याने चाळीस किलोमीटरच्या आतबाहेरची अंतरे जोडून पाहिली. जगात इतरत्रही हे चालले होते. व्हेनेझुएलातील एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्याकडे ३८२ किलोमीटरचा वायफाय दुवा साधून दाखवला.

असे असेल तर खेडी जोडणे सोपे असले पाहिजे, असे वाचकाला वाटेल. अडचण कोठे येते ते सांगतो. या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून एका टोकाच्या अँटेनाला दुसऱ्या टोकाचा अँटेना दिसावा लागतो. डोंगरावर हे जमते. मैदानात मात्र पृथ्वीची गोलाईच आड येते. तीस किलोमीटरच्या अंतरावर मध्यभागी ही फुगवट सुमारे तेरा मीटर भरते. शिवाय रेषेखाली आणखी अठरा-वीस मीटर जागा मोकळी असावी लागते, नाही तर लहरी क्षीण होतात. त्यावर झाडांची उंची धरा. म्हणजे दोन्ही टोकांना चाळीस मीटरचा लोखंडी मनोरा आला. यंत्र काही हजारांत मिळते आणि मनोरा लाखांत जातो. कानपूरच्या संशोधकांना हेच आढळले. बिनतारी यंत्रणेतील सर्वांत महाग वस्तू बिनतारी यंत्र नव्हे, तर लोखंड ठरली.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावाची. वायफाय घरासाठी व कचेरीसाठी जन्मले. ते माहितीचा एक तुकडा पाठवते आणि पोच येण्याची वाट पाहते. वाट पाहण्याची मुदत घरातल्या अंतराच्या हिशेबाने ठरवलेली. पन्नास किलोमीटरवर प्रकाशाच्या वेगाने जाऊन परत यावयासही सेकंदाच्या दशलक्षांश भागातले तीनशे तीस भाग लागतात. तोवर पाठवणारे यंत्र धीर सोडते, तुकडा हरवला असे समजते आणि पुन्हा पाठवते. मार्ग अशा पुनरुक्तीने भरून जातो. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात एरिक ब्रूअर यांच्या गटाने २००७ च्या सुमारास ही शिस्तच बदलली. दोन्ही टोकांनी आळीपाळीने बोलावे, प्रत्येक तुकड्याची वेगळी पोच मागत बसू नये, अशी ती रचना होती. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने याच दुव्यांवर आसपासच्या खेड्यांत डोळे तपासणीची केंद्रे चालवली. खेड्यातील म्हातारी यंत्रासमोर बसे आणि थेनीचा डॉक्टर तिच्याशी पडद्यावरून बोले. एका दिवसाची मजुरी व एसटीचे भाडे वाचणे म्हणजे काय, हे ज्याने मजुरी केली त्यालाच कळेल.

आणि तिसरी अडचण विजेची. थेनीला बहुतेक बिघाड लहरींमुळे नव्हे, तर वाईट विजेमुळे झाले. दाब एकाएकी चढे, यंत्रे जळत, वीज मधेच गेल्याने त्यांची स्मृती बिघडे. धरमशाळेत माकडे तारा चावत आणि अँटेनाला लोंबकळत. शहरातला अभियंता येईपर्यंत दुवा मेलेला. प्रयोग करणारे निघून गेले की कितीतरी ठिकाणी मनोराच तेवढा उरला.

या सर्व अडचणींवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांचे काम मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या नकाशांकडे पाहताना एक गोष्ट सतत खटकत आली. त्या नकाशांवर खेडे हा एक ठिपका असतो. मनोऱ्यावरून रेषा निघते, ठिपक्याला टेकते आणि खेडे जोडले गेले असे जाहीर होते. परंतु खेडे हा ठिपका कधीच नव्हता. गावठाण आहे, गावकूस आहे, ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे वस्ती आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्याला कठोर उत्तर दिले आणि नव्या राज्यघटनेने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. दूरसंचाराच्या योजनाकारांनी तो धडा घेतला नाही. त्यांचा घटक आजही खेडेच आहे.

अभियंत्याने मनोऱ्यासाठी उंच जागा मागितली तर तो चूक करीत नाही. पण गावातली उंच जागा कोणाच्या ताब्यात आहे हे भौतिकशास्त्राने ठरत नाही. मराठवाड्यातील ज्या गावांत मी काम केले तेथे उंचावर गढी होती, देऊळ होते, नाही तर पाटलाचा वाडा होता. वस्ती ओढ्याच्या अंगाला, सखल भागात. दृष्टिरेषा पाहावयास आम्ही दुर्बीण लावत असू, तेव्हा समोरच्या गावचे कळस दिसत. वस्ती कधी दिसली नाही. मनोऱ्याच्या पायाचा खड्डा मात्र वस्तीतल्या पोरांनी खणलेला असे. एका गावी यंत्रे व संगणक एका बड्या कास्तकाराच्या ओसरीवर बसवले. तेथे शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आलेली वस्तीतली एक मुलगी मी पाहिली. तिला कोणी हाकलले नाही. फक्त ती अंगणात उभी राहिली आणि ओसरीवरच्या पोराने तिचे कागद हात लांब करून घेतले, परत देताना खाली ठेवले. केंद्राच्या वहीत त्या दिवशी तिची नोंद लाभार्थी म्हणून झाली असणार.

हा एकट्या माझ्या डोळ्यांचा अनुभव नव्हे. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील मेलूर तालुक्यात २००१ पासून कॉर्डेक्टवर चालणारी इंटरनेट केंद्रे उघडली गेली. राजेंद्र कुमार आणि मायकेल बेस्ट यांनी २००६ साली त्यांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावातील थोडीच कुटुंबे केंद्रात येत. येणारे बहुधा तरुण, पुरुष, अधिक शिकलेले, बऱ्या उत्पन्नाचे आणि पुढारलेल्या जातींतले. केंद्रे आहे ती विषमता टिकवून धरण्याची शक्यता आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्यांना अपवादही सापडले. जेथे केंद्र मागासलेल्या जातींच्या वस्तीजवळ होते, आणि वस्तीतलाच कोणी त्यासाठी झटणारा होता, तेथे वस्तीतले लोक अधिक येत. लहरी त्याच, यंत्र तेच. फरक जागेने पडला.

पाँडिचेरीचे उदाहरण याहून बोलके आहे. एम. एस. स्वामीनाथन प्रतिष्ठानने १९९८ पासून विलियनूर हे मुख्य ठाणे करून आसपासची खेडी बिनतारी यंत्रांनी जोडली. वीज जाते म्हणून सौर तबके बसवली. गावाने जागा द्यावी आणि ती सर्व जातींना खुली असावी अशी अट घातली. एंबलम गावी केंद्राला जागा मिळाली ती देवळाच्या इमारतीत. त्या इमारतीला दोन दारे होती. देवाच्या दारातून अस्पृश्य मानलेल्यांना आणि पाळी आलेल्या बायकांना प्रवेश नव्हता. संगणकाच्या दारातून सर्वांना होता. या दोन दारांचे देशी-परदेशी पाहुण्यांनी कौतुक केले. मला त्यात कौतुक आणि खेद दोन्ही दिसतात. अट घातली म्हणून दुसरे दार उघडले, हे खरे. अट नसती तर एकच दार राहिले असते, हेही तितकेच खरे. आणि पहिले दार तसेच बंद राहिले.

त्याच प्रकल्पातील नल्लवाडू या कोळ्यांच्या गावाची गोष्ट सर्वांना ठाऊक असावी. २६ डिसेंबर २००४ रोजी सिंगापुरात असलेल्या गावच्या एका माणसाने फोन करून समुद्राची खबर दिली आणि केंद्राच्या भोंग्यावरून ती गावभर ओरडून सांगण्यात आली. सुमारे ३,६०० वस्तीच्या त्या गावात घरे आणि होड्या गेल्या, पण माणसे वाचली. भोंग्याला ओसरी नसते, म्हणून खबर शेवटच्या झोपडीपर्यंत गेली. सांगाव्याचे काम कसे असावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? १९९८ साली वारणा खोऱ्यात सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आला. मागे सहकारी साखर कारखान्याची शक्ती होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर झाला तो सभासदांच्या उसाच्या वजनाची व बिलाची माहिती देण्यासाठी, आणि २००७ च्या सुमारास तेच काम मोबाईलच्या लघुसंदेशावर करून पाहण्यात आले. सभासदाची ही सोय रास्तच होती. पण ऊस तोडणारा सभासद नसतो, आणि ज्याच्या नावावर गुंठा नाही त्याला त्या पडद्यावर पाहण्यासारखे काही नव्हते. जमिनीची विषमता अशा रीतीने माहितीची विषमता होऊन बसते.

दुसरा प्रयोग पालघरच्या आदिवासी भागातला. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या, पण न वापरलेल्या लहरींवर खेडी जोडून पाहिली. या लहरी झाडाझुडपांतून व टेकाडांवरून बऱ्या जातात, म्हणून मनोरे फार उंच लागत नाहीत. २०१४ साली याच गटाने हिशेब मांडला की देशाच्या मोठ्या भूभागावर त्या पट्ट्यातील पंधराच्या पंधरा वाहिन्या रिकाम्या आहेत. माळरान पडीक आणि शेजारी भूमिहीन उपाशी, हे चित्र आम्हांला नवे नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याच चित्राविरुद्ध. हवेतील रिकाम्या लहरी हे आजचे गायरान आहे. त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही.

यावर कोणी म्हणेल की हा वाद शिळा झाला. २०१६ नंतर मोबाईलवर इंटरनेट स्वस्त झाले, ती जुनी केंद्रे बंद पडली, आता ज्याच्या त्याच्या खिशात यंत्र आहे. यात तथ्य आहे. खिशातल्या यंत्राने ओसरीवरच्या पोराची मध्यस्थी पुष्कळ कमी केली, हा लहान बदल नव्हे. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी सुमारे पंधरा घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती, आणि दोनच वर्षांनी टाळेबंदीत शाळा त्याच इंटरनेटवर गेल्या. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांना महाविद्यालयात नेणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती घ्या. महाराष्ट्रात तिचा अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो. रेशनवरचा अंगठा यंत्रावर गेला. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलवरून घेणे सक्तीचे झाले. ज्याचे पोट सरकारी हक्कावर अवलंबून, त्यालाच लहरींची गरज सर्वांत जास्त. बागाईतदाराचा सिग्नल गेला तर त्याचा सिनेमा थांबतो. मजुराचा गेला तर हजेरी बुडते.

आणि जुना नकाशाही बदललेला नाही. २०११ साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्यासाठी आखली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. तंतू ग्रामपंचायतीच्या कचेरीत येतो. कचेरीची किल्ली कोणाच्या कमरेला असते हे खेड्यात राहिलेल्या वाचकाला सांगावयास नको. तेथून वस्तीपर्यंतचे चारपाचशे मीटर पुन्हा बिनतारीनेच ओलांडायचे आहेत. ३८२ किलोमीटर ओलांडणाऱ्या विद्येला चारपाचशे मीटर जड नाहीत. त्यासाठी चाळीस मीटरचा मनोरा लागत नाही, समाजमंदिराच्या किंवा बुद्धविहाराच्या छपरावर एक हातभर अँटेना पुरतो. तो तेथे बसवावा असे कोणाला तरी वाटले मात्र पाहिजे.

वाटण्यावर आम्ही विसंबून राहू नये. विजेच्या बाबतीत एक पूर्वोदाहरण आहे. पूर्वी गावाच्या हद्दीत कोठेही वीज वापरली गेली की गावाचे विद्युतीकरण झाले असे सरकार मानी. २००४ साली ही व्याख्या बदलली. गावातील किमान दहा टक्के घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असली पाहिजे, आणि दलित वस्ती असेल तर तेथपर्यंतही विजेची वाहिनी गेलेली असली पाहिजे, असे त्या व्याख्येत स्पष्ट लिहिले गेले. वस्ती हा शब्द सरकारी व्याख्येत एकदा बसला की मोजणी वस्तीपासून करावी लागते. इंटरनेटने जोडलेले गाव कोणते, याची व्याख्याही अशीच झाली पाहिजे. वस्तीत सिग्नल पोचल्याशिवाय गाव जोडले असे धरू नये. केंद्राची जागा सर्वांना खुली असावी, आणि यंत्र चालवण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण वस्तीतल्या मुलामुलींना द्यावे. मेलूर आणि एंबलमच्या अनुभवाने या मागण्यांना पुरावा दिला आहे.

आमच्या लोकांनी या देशाचा सांगावा फुकट वाहिला. त्याची मजुरी आज कोणी मागत नाही. पण सांगावा आता हवेतून चालला आहे, तर तो आमच्या वस्तीवरून पुढे जाऊ नये, तेथे उतरावा, एवढे मागण्याचा आमचा हक्क आहे. हा हक्क ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतला पाहिजे आणि ठराव झाला की त्याची नक्कल मागितली पाहिजे.